जुने जपानी कायजूपट घरी पाहायचेत? डिस्क घेण्याआधी आवृत्ती बघा

‘गॉडझिला’ नावाची जुनी डिस्क हाती आली, ती लावली आणि सुरुवातीलाच ढिगाऱ्याखाली अडकलेला एक अमेरिकन वार्ताहर इंग्रजीत आपली कहाणी सांगू लागला, तर ती तिथेच थांबवा. चित्रपट टाकाऊ नाही. पण टोकियोतल्या प्रेक्षकांनी नोव्हेंबर १९५४ मध्ये जो पाहिला, तो हा नव्हे. त्याच चित्रपटाला कात्री लावून, नवी दृश्यं चित्रित करून मध्ये घालून, १९५६ साली अमेरिकेत जुळवलेली ही दुसरीच गोष्ट आहे.

जपानी महाकाय राक्षसांच्या चित्रपटांना कायजूपट म्हणतात, आणि त्यांच्या जगात नवखा माणूस नेमका इथे फसतो. तो नाव बघून डिस्क घेतो. एकाच नावाखाली दोन, कधी तीन चित्रपट फिरत असतात. एक मूळ जपानी, दुसरा अमेरिकेसाठी कापलेला, आणि तिसरा हे चित्रपट काढणाऱ्या खुद्द तोहो कंपनीने १९६९ नंतर मुलांसाठीच्या सुट्टीतल्या चित्रपटखेळांसाठी छाटून लहान केलेला. लांबी बदलते, संगीत बदलतं, काही वेळा सांगणंच बदलतं. म्हणून नव्याने या वाटेवर येणाऱ्याला माझं एकच सांगणं असतं. किती चित्रपट पाहिले याची घाई करू नका, कोणत्या रूपात पाहताय ते आधी बघा. पुढच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्या आहेत.

पायरी १ : सुरुवात १९५४च्या ‘गोजिरा’पासून, आणि मूळ जपानीतच

‘गोजिरा’ हे गॉडझिलाचं मूळ जपानी नाव. हा चित्रपट ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झाला. निर्माता तोमोयुकी तानाका, दिग्दर्शक इशिरो होंडा, ट्रिकदृश्यं एइजी त्सुबुराया यांची, संगीत अकिरा इफुकुबे यांचं. ही चार नावं पाठ करून ठेवा, पुढे वारंवार भेटतील. कृष्णधवल, ९६ मिनिटांचा, आणि अजिबात पोरखेळ नसलेला चित्रपट.

तो समजायला त्या वर्षाची एक घटना माहीत हवी. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. धोक्याच्या म्हणून जाहीर केलेल्या हद्दीच्या बाहेर ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही जपानी मासेमारी बोट होती. तिच्यावरच्या २३ खलाशांवर किरणोत्सारी राख पडली. बोट बंदराला लागेपर्यंत सगळे आजारी होते, आणि तिच्यावरचा रेडिओ ऑपरेटर २३ सप्टेंबरला वारला. टोकियोच्या बाजारात किरणोत्सारी ट्यूना आल्याच्या बातमीने देश हादरला होता. त्या ऑपरेटरच्या मृत्यूनंतर जेमतेम सहा आठवड्यांनी थिएटरात दिवे मालवले गेले, आणि पडद्यावर पहिलंच दृश्य आलं ते समुद्रात एकाएकी पेटून बुडणाऱ्या बोटीचं. त्या प्रेक्षकांना समजावून सांगण्याची गरजच नव्हती. जपानवरचा अमेरिकी अंमल १९५२ साली संपला होता; तोवर अणुबॉम्बविषयी उघड बोलण्यावर सेन्सॉरची बंधनं होती. होंडा स्वतः चीनमधून सैनिक म्हणून परतताना बेचिराख हिरोशिमातून गेले होते. त्यांनी टोकियोच्या विध्वंसाची दृश्यं ज्या थंडपणे, ज्या शोकाने घेतली आहेत, त्याचं मूळ तिथे आहे.

आता कापलेल्या आवृत्तीत काय जातं ते पाहा. मूळ चित्रपटात लोकल गाडीत तीन प्रवासी बोलत बसलेले आहेत. किरणोत्सारी मासे झाले, किरणोत्सारी पाऊस झाला, आता हा गोजिरा, असं त्यांचं चाललंय. त्यातली तरुणी म्हणते की नागासाकीतून मी कशीबशी वाचले होते. रोजच्या प्रवासातली कंटाळलेल्या सुरातली ही कुरकूर, पण सगळा चित्रपट त्या दोन वाक्यांत आहे. अमेरिकी आवृत्तीत हे दृश्य नाही. संसदेच्या समितीत राक्षसाची बातमी लोकांपासून लपवावी की नाही यावरून पेटणारं भांडण आहे. त्यात महिला सदस्य उभ्या राहून सत्ताधाऱ्यांना धारेवर धरतात. त्यालाही कात्री लागली. शेवटी डॉ. यामाने, म्हणजे ताकाशी शिमुरा, पुटपुटतात की अणुचाचण्या अशाच चालू राहिल्या तर जगात कुठेतरी दुसरा गोजिरा उभा राहील. अमेरिकी आवृत्ती याच्या जागी वार्ताहराच्या तोंडून सांगते की संकट टळलं, जग पुन्हा जगू शकतं. एका चित्रपटाचा शेवट इशारा देतो, दुसऱ्याचा दिलासा. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना मूळ चित्रपट मोठ्या प्रमाणावर थिएटरात पाहायला मिळायला २००४ साल उजाडावं लागलं.

म्हणून पहिली संध्याकाळ पूर्ण या एका चित्रपटाला द्या. इंग्रजी सबटायटल लावा, आवाज थोडा मोठा ठेवा. तीन जागांवर विशेष लक्ष असू द्या. आगीच्या उजेडात मुलांना पोटाशी धरून बसलेली आई, जी त्यांना सांगते की आता आपण बाबांकडे जाणार. मनोऱ्यावरून शेवटपर्यंत बातम्या देणारा आणि शेवटी निरोप घेणारा निवेदक. आणि दुसऱ्या दिवशीचं हॉस्पिटल, जिथे एका लहान मुलीसमोर किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर धरल्यावर डॉक्टर नुसती मान हलवतो. राक्षस या तिन्ही ठिकाणी जवळजवळ नाहीच.

रेमंड बर हा नट वार्ताहर झालेली अमेरिकी आवृत्ती नंतर जरूर पाहा, ८० मिनिटांचीच आहे. दोन्ही पाठोपाठ पाहिल्या की संकलनाची ताकद जितकी कळते तितकी कुठल्या पुस्तकातून कळणार नाही.

पायरी २ : तुमचा प्लेअर कोणती डिस्क वाचतो?

इथे बऱ्याच जणांचे पैसे वाया जातात, म्हणून नीट वाचा. ब्ल्यू-रेचे तीन विभाग, म्हणजे रीजन, आहेत. ‘ए’मध्ये अमेरिका आणि जपान येतात, ‘बी’मध्ये युरोप आणि ऑस्ट्रेलिया, आणि भारत आहे ‘सी’मध्ये. डीव्हीडीची विभागणी वेगळी: अमेरिका १, जपान आणि ब्रिटन २, भारत ५. जुन्या कायजूपटांच्या बहुतेक चांगल्या ब्ल्यू-रे ‘ए’ किंवा ‘बी’च्या असतात. म्हणजे भारतात सरळ दुकानातून घेतलेला ब्ल्यू-रे प्लेअर त्या नाकारण्याची शक्यता मोठी.

उपाय म्हणजे सर्व रीजन वाचणारा ब्ल्यू-रे प्लेअर. ब्ल्यू-रेचं कुलूप डीव्हीडीच्या कुलपापेक्षा पक्कं असतं, त्यामुळे ‘मल्टिरीजन’ हा शब्द वाचून लगेच पैसे भरू नका. विक्रेत्याला स्पष्ट विचारा की ही सोय फक्त डीव्हीडीपुरती आहे की ब्ल्यू-रेलाही. अनेक प्लेअर डीव्हीडीच्या बाबतीत उदार आणि ब्ल्यू-रेच्या बाबतीत हट्टी असतात. गेमिंग कन्सोलवर पाहणार असाल तर तेही रीजनला बांधलेले असतात हे लक्षात घ्या. काँप्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हचं रीजन पाचदाच बदलता येतं. पाचव्या वेळी जे असेल ते कायमचं.

४के डिस्कला सहसा रीजनचं कुलूप नसतं. त्याच डब्यात जोडीला दिलेल्या साध्या ब्ल्यू-रेला मात्र ते असू शकतं.

अमेरिकेत राहणाऱ्यांना या पायरीची काळजी नाही. ब्रिटनमध्ये असाल तर खाली जिथे अमेरिकी डिस्क सांगितली आहे तिथे जरा थांबून ‘बी’ची आवृत्ती आहे का ते शोधा. जपानात असाल तर तिथल्या डिस्कचं चित्र उत्तम, पण इंग्रजी सबटायटल बहुधा नसतात. जपानी येत असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच.

पायरी ३ : पहिली खरेदी

अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये शोवा काळातल्या, म्हणजे १९५४ ते १९७५ दरम्यानच्या पंधराही गॉडझिलापटांचा एकत्र संच काढला. आठ ब्ल्यू-रे डिस्क, आणि त्या कंपनीच्या यादीतला हजारावा क्रमांक. तुम्हाला हा छंद पुढे न्यायचाच आहे अशी खात्री असेल तर हाच घ्या. पंधरा चित्रपट सुटे जमवायला गेलात तर वर्षं जातील, आणि त्यातले काही मूळ जपानी रूपात मिळणारही नाहीत.

संचाच्या दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. ‘किंग काँग व्हर्सेस गॉडझिला’ची अमेरिकी आवृत्ती क्रमाने येणाऱ्या डिस्कवर आहे आणि मूळ जपानी आवृत्ती शेवटच्या, पुरवणीच्या डिस्कवर. नवखे लोक सरळ क्रमाने जातात, अमेरिकी आवृत्ती पाहतात आणि पुढे सरकतात. तुम्ही आठव्या डिस्कवर जा. दुसरं, इंग्रजी डबिंग सगळ्या चित्रपटांना नाही, निवडक चित्रपटांनाच आहे. घरात कुणाला सबटायटल वाचायला जमत नसेल तर हा मुद्दा आधी पाहून घ्या.

एवढा मोठा खर्च एकदम नको असेल तर त्याच कंपनीची १९५४च्या चित्रपटाची स्वतंत्र डिस्क आहे. २०१२च्या ब्ल्यू-रेमध्ये जपानी आणि अमेरिकी दोन्ही आवृत्त्या आहेत, शिवाय त्या दुर्दैवी मासेमारी बोटीवर एक ध्वनिनिबंध आहे, तो अजिबात चुकवू नका. २०२४ साली याच चित्रपटाची ४के आवृत्तीही आली.

भारतात मागवताना डिस्कच्या किमतीवर कुरिअर आणि कस्टम ड्युटी चढते. मोठ्या संचावर ती चांगलीच जाणवते. आपल्याकडे त्यावरचा रुळलेला उपाय म्हणजे अमेरिकेहून सुट्टीला येणारा नातेवाईक. मात्र शोवा संच म्हणजे जाडजूड मोठं पुस्तक आहे, बॅगेत त्याला जागा लागते, तेव्हा बिचाऱ्याला आधी सांगा. क्रायटेरियनच्या डिस्क अमेरिकेत दरवर्षी जुलै आणि नोव्हेंबरच्या सेलमध्ये निम्म्या किमतीला मिळतात. मागणी त्या वेळी नोंदवावी.

इंटरनेटवर सगळं फुकट मिळत असताना डिस्क का घ्यायची, असं कुणी ना कुणी विचारतंच. फुकटच्या प्रतींत चित्राच्या कडा छाटलेल्या असतात, सबटायटल कुणीतरी अंदाजाने लिहिलेले असतात, आणि कोणती आवृत्ती आहे हे लिहिलेलंच नसतं. क्रायटेरियनची स्ट्रीमिंग सेवा अमेरिका आणि कॅनडाबाहेर चालत नाही. शिवाय चित्रपट हरवतात. १९६६ साली आपल्या मुंबईच्या हिंदी चित्रसृष्टीनेही ‘गोगोला’ नावाचा कायजूपट काढला होता. आज तो पाहायला मिळत नाही. जपानी चित्रपटांचं नशीब तसं झालं नाही, कारण कुणीतरी रिळं जपली आणि कुणीतरी डिस्क विकत घेतल्या.

पायरी ४ : डब्याची मागची बाजू वाचा

जुन्या किंवा सुट्या डिस्क घेताना डब्यामागचा बारीक मजकूर हाच तुमचा आधार. पहिली नजर मिनिटांवर टाका. ‘गोजिरा’ ९६ मिनिटं. १९६१चा ‘मोथ्रा’ १०१ मिनिटं. ‘किंग काँग व्हर्सेस गॉडझिला’ जपानी ९७, अमेरिकी ९१. १९५६चा ‘रोदान’ जपानी ८२ मिनिटांचा आहे, अमेरिकी आवृत्ती त्याहून सुमारे दहा मिनिटांनी लहान. आकडा यापेक्षा बराच कमी दिसला की समजा, कात्री लागली आहे. एक अपवाद आहे. ब्रिटनच्या डीव्हीडी पाल या तिथल्या टीव्ही पद्धतीच्या असतात, त्यात चित्रपट चार टक्के वेगाने धावतो. तिथे ‘गोजिरा’ ९२ मिनिटांचा दिसला तर घाबरू नका.

नंतर चित्राचा आकार. १९५४ आणि १९५५चे गॉडझिलापट जवळजवळ चौकोनी आहेत, त्यांच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणारच. १९५७ नंतर तोहोने स्वतःची रुंद पद्धत वापरली. तिचं प्रमाण २.३५ ला १, आणि पट्टे वर-खाली येतात. पट्टे नकोत म्हणून टीव्हीवर झूम करू नका. पूर्वी टीव्हीसाठी या रुंद चित्रपटांच्या कडा कापायचे. डाव्या कडेला गॉडझिला, उजव्या कडेला तीन डोक्यांचा गिदोरा, आणि मधली रिकामी जागाच लढतीतला ताण वाढवते आहे, अशी चौकट कापली की एकटाच राक्षस हवेशी भांडताना उरतो. एका पिढीने हे चित्रपट तसेच पाहिले, आणि त्यांना बालिश ठरवलं त्यामागे हेही एक कारण आहे असं मला ठामपणे वाटतं.

सबटायटल शेवटी तपासा. काही डिस्कवर ते मूळ जपानी संवादांवरून केलेले नसतात, इंग्रजी डबिंगचे संवादच उतरवलेले असतात. ओळखायची खूण सोपी आहे: पात्र दोन शब्द बोलतं आणि खाली लांबलचक वाक्य येतं, किंवा कुणी बोलत नसतानाही मजकूर उमटतो.

पायरी ५ : पंधराही क्रमाने पाहू नका

वर्षानुसार गेलात तर दुसराच चित्रपट तुम्हाला दमवेल. ‘गॉडझिला रेड्स अगेन’ १९५५ साली घाईत काढलेला, मोतोयोशी ओदा यांनी दिग्दर्शित केलेला. ओसाकातली एक लढत सोडली तर तो सावकाश नंतर पाहिला तरी चालेल.

‘गोजिरा’नंतर मी सरळ १९६१च्या ‘मोथ्रा’कडे जायला सांगेन. तो वरच्या संचात नाही, वेगळा घ्यावा लागतो. अमेरिकेत मिल क्रीक कंपनीने तो काढला आहे, ब्रिटनमध्ये युरेका कंपनीने दोन्ही आवृत्त्यांसह. अणुचाचण्या झालेल्या बेटावरच्या दोन इवल्याशा मुलींना एक लोभी माणूस पळवून आणतो आणि त्यांच्या गाण्याचे खेळ लावतो. त्यांना न्यायला त्यांची देवता निघते, आधी अळी होऊन, मग टोकियो टॉवरवर कोश विणून, मग पतंग होऊन. त्या मुली म्हणजे ‘द पीनट्स’ या नावाने गाणाऱ्या जुळ्या बहिणी. युजी कोसेकी यांचं ते गाणं दोनदा ऐकलं की सुटत नाही. राक्षसाचा राग योग्य आहे आणि माणसांचा लोभ चूक, हे इतक्या सरळपणे सांगणारा त्याआधीचा मोठा राक्षसपट मला आठवत नाही.

मग ‘किंग काँग व्हर्सेस गॉडझिला’, १९६२, जपानी रूपातच. मुळात तो प्रायोजकांच्या मागे लागलेल्या टीव्हीवरचा विनोदी चित्रपट आहे. औषध कंपनीच्या जाहिरात विभागाच्या प्रमुखाला कार्यक्रमासाठी राक्षस हवा असतो, आणि इचिरो अरिशिमा यांनी तो प्रमुख असा रंगवला आहे की राक्षसांइतकाच तो लक्षात राहतो. अमेरिकी आवृत्तीने हा सगळा विनोद पातळ केला, वृत्तनिवेदक घुसवले, आणि इफुकुबेंचं बरंचसं संगीत काढून स्टुडिओच्या जुन्या साठ्यातलं संगीत चिकटवलं. दोन्ही देशांत वेगवेगळा विजेता दाखवला ही दंतकथा आहे. दोन्हीकडे काँग पोहत घरी जातो. पाहताना चित्र मध्येच मळकट, फिकं झालं तर दोष तुमच्या टीव्हीचा नाही. १९७०च्या पुनर्प्रदर्शनासाठी चित्रपट छोटा करताना मूळ निगेटिव्हच कापली गेली, आणि गेलेले तुकडे हलक्या प्रतींतून परत जोडावे लागले. पूर्ण दर्जाचं ४के पुनरुज्जीवन जपानात २०१६ साली झालं.

१९६४ साली दोन चित्रपट आले, आणि हे वर्ष शोवा काळाचं शिखर आहे. एप्रिलमधला ‘मोथ्रा व्हर्सेस गॉडझिला’ आणि डिसेंबरमधला ‘गिदोरा, द थ्री-हेडेड मॉन्स्टर’. पहिल्यात एक दृश्य आहे. गॉडझिलाला रोखायला मोथ्रा द्या म्हणून जपानी माणसं त्या अणुचाचणीग्रस्त बेटावर मदत मागायला जातात, आणि बेटावरचे लोक नकार देतात. तुम्ही आमचं बेट जाळलंत, आता तुमच्यावर आलं तर आम्ही का यावं? या प्रश्नाला चित्रपट सोपं उत्तर देत नाही. दुसऱ्यात गॉडझिला पहिल्यांदा माणसांच्या बाजूला वळतो, पण तोही चटकन नव्हे. मोथ्रा त्याला आणि रोदान या उडणाऱ्या राक्षसाला समजावते, त्या जुळ्या मुली दुभाषाचं काम करतात, आणि दोघांचं म्हणणं एकच: माणसांनी आम्हाला नेहमी छळलं, आम्ही का वाचवावं? इथून पुढच्या दहा वर्षांत राक्षस हळूहळू रक्षक होत गेला, त्याची सुरुवात या संभाषणात आहे.

त्यानंतर १९७१चा ‘गॉडझिला व्हर्सेस हेदोरा’. हा आवडेल किंवा अजिबात आवडणार नाही. योशिमित्सू बान्नो यांनी समुद्रात सोडलेल्या सांडपाण्यावर आणि धुरांड्यांच्या धुरावर पोसलेला राक्षस उभा केला, त्यात मध्येच अॅनिमेशन घातलं, गाणं घातलं, आणि माणसं विरघळताना दाखवली. योक्काइची या कारखान्यांच्या शहरातल्या प्रदूषणाने दम्याचे रुग्ण झालेली माणसं तेव्हा जपानात न्यायालयात उभी होती. निर्माते तानाका यांना चित्रपट मुळीच आवडला नाही. मला तो १९५४नंतरचा सर्वांत धाडसी वाटतो.

उरलेले मग हवे तसे. १९७५चा ‘टेरर ऑफ मेकागॉडझिला’ मात्र शेवटी ठेवा. होंडा यांनी दिग्दर्शित केलेला तो अखेरचा चित्रपट.

पायरी ६ : डोळे कुठे ठेवायचे

हा सगळा रबरी पोशाखातल्या माणसाचा खेळ आहे, हे खरंच आहे. त्सुबुराया यांना १९३३च्या ‘किंग काँग’सारखं बाहुली इंचाइंचाने हलवून चित्रण करायचं होतं, पण तितका वेळ नव्हता, म्हणून पोशाख आला. पहिला पोशाख सुमारे १०० किलोंचा होता. तो घालून तापलेल्या दिव्यांखाली हारुओ नाकाजिमा काही मिनिटंच टिकत. १९५४ ते १९७२ या काळात सलग बारा चित्रपटांत गॉडझिलाच्या पोशाखात तेच होते; चाल बसवण्यासाठी ते प्राणिसंग्रहालयात जाऊन जनावरं बघत बसायचे. त्यांचं काम अभिनय म्हणून पाहा. १९५४चा गोजिरा ओझ्याने चालतो, १९६४चा एप्रिलमधला कुत्सित आहे, डिसेंबरमधला हट्टी. चेहरा जवळजवळ न हलवता हे सगळं खांद्यांतून आणि मानेतून आलं आहे.

इमारती साधारण एक पंचविसांश आकाराच्या असत आणि चित्रण वाढीव वेगाने होई, म्हणजे पडद्यावर कोसळणं संथ, जड दिसतं. विस्तव आणि पाणी मात्र लहान होत नाहीत. समुद्रातल्या दृश्यांत थेंबांचा आकार बघा, गुपित तिथे फुटतं. स्वच्छ ब्ल्यू-रेमध्ये गिदोराच्या तारा दिसतात. दिसू द्या. त्या तारा वरून ओढणारी माणसं एका वेळी तीन माना, दोन शेपट्या आणि दोन पंख सांभाळत होती. माणूस आणि राक्षस एकाच चौकटीत आले की चित्र दाणेदार होतं, कारण दोन फिल्म एकत्र छापताना प्रतीची प्रत निघते. त्यासाठी डिस्क परत पाठवू नका.

आणि कान उघडे ठेवा. गॉडझिलाची ती डरकाळी इफुकुबेंनी कॉन्ट्राबास या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारेवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढून मिळवली.

पायरी ७ : मुलांबरोबर पाहायचं असेल तर

१९५४चा चित्रपट लहानांना दाखवू नका. ‘ऑल मॉन्स्टर्स अटॅक’ लावा, १९६९चा, ७० मिनिटांचा. चाहते त्याला नाकं मुरडतात, कारण लढतींतला बराच भाग आधीच्या चित्रपटांतून उचलला आहे. पण आई-वडील दोघंही कामावर, मुलगा शाळेतून येऊन स्वतः कुलूप उघडतो, वाटेत दांडगी पोरं छळतात, आणि तो झोपेत राक्षसांच्या बेटावर जाऊन धीर गोळा करतो, ही गोष्ट होंडा यांनी कावासाकीच्या धुरकट वस्तीत फार मायेने सांगितली आहे. आपल्याकडच्या कुठल्याही शहरातल्या मुलाला ती लगेच कळेल. सबटायटल इंग्रजीच असतात, तेव्हा शेजारी बसून मराठीत सांगत जा.

पायरी ८ : सांभाळ

क्रायटेरियनच्या त्या संचात डिस्क पुठ्ठ्याच्या कप्प्यांत घट्ट बसतात. कडेला धरून सावकाश काढा, किंवा डिस्क सरळ वेगळ्या डब्यांत ठेवा आणि पुस्तक पुस्तकासारखं वापरा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याआधी त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. बुरशी आधी कागदाला लागते. डिस्क नेहमी उभ्या ठेवाव्यात.

पायरी ९ : तोहोच्या बाहेर

दाईए या कंपनीचा गामेरा म्हणजे उडणारं कासव. १९६५ साली तो आला, आणि १९६७पासून मुलांचा पक्का मित्र झाला. बाराही चित्रपटांचा संच अॅरो या कंपनीने २०२० साली काढला. दाईएचेच ‘दाइमाजिन’ नावाचे तीन चित्रपट आहेत, तिन्ही एकाच वर्षात, १९६६मध्ये आलेले. सामंतांच्या काळातल्या गावावर जुलूम होतो आणि डोंगरातली दगडी मूर्ती जागी होते. मूर्ती चेहऱ्यासमोरून हात फिरवते आणि शांत मुद्रा उग्र होते, एवढ्यावर अंगावर काटा येतो. संगीत इफुकुबेंचं. राक्षसपट आवडत नाहीत म्हणणाऱ्या घरच्यांना मी आधी हाच दाखवा म्हणेन. त्यात राक्षस तासाभरानंतर उठतो, आणि तोवर सगळे त्याची वाट पाहू लागलेले असतात.

गामेराच्या जुन्या चित्रपटांतले दोन-तीन पाहून झाले की शुसुके कानेको यांच्या १९९५, १९९६ आणि १९९९च्या तीन भागांवर या. ट्रिकदृश्यं शिंजी हिगुची यांची, पोशाख आणि लहान प्रतिकृती यांची जुनी कला तिथे सर्वांत वरच्या पायरीवर पोहोचली आहे. तिन्ही भाग क्रमानेच पाहा, आणि पहिल्या भागातली लढत चालू असताना खालच्या घरांकडेही नजर असू द्या. तिसऱ्या भागातली अयाना ही मुलगी त्याच लढतीत आई-वडील गमावून बसलेली आहे, आणि गामेराने जग वाचवलं याच्याशी तिला काहीही देणंघेणं नाही.